हार्मोन्स बिघडले की तोंडात काय काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेशंट खुर्चीत बसला की मी आधी विचारते, "काही आजार आहे का? कुठली गोळी चालू आहे?" बहुतेक वेळा उत्तर येतं, "नाही, काही नाही." मग काम अर्ध्यावर आलं की चूळ भरता भरता बाई म्हणतात, "थायरॉईडची गोळी घेते मी सकाळी. पण तिचा दातांशी काय संबंध?"

संबंध आहे. मी तालुक्याच्या गावात दातांचा दवाखाना चालवते. साखर, थायरॉईड, पाळी, बाळंतपण या सगळ्यांच्या खुणा मला रोज हिरड्यांवर दिसतात. खालचे प्रश्न पेशंटनी आणि त्यांच्या घरच्यांनी मला विचारलेले आहेत. उत्तरं जशी दवाखान्यात देते तशीच लिहिली आहेत, फक्त इथे जरा निवांत.

हार्मोन्स तर रक्तात असतात. त्यांचा हिरड्यांशी संबंध कसा?

हिरडीला रक्तपुरवठा भरपूर असतो. तोंडात जंतू कायम असतात, त्यामुळे हिरडी सतत पहाऱ्यावर असते. हार्मोन्स या पहाऱ्याची ताकद कमीजास्त करतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही बायकांची हार्मोन्स वाढली की हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात आणि जरासा धक्का लागला तरी रक्त येतं. इन्सुलिन कमी पडलं की पांढऱ्या पेशी जंतूंशी नीट लढत नाहीत. कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, जास्त झालं की जखम भरायला वेळ लागतो आणि बुरशी माजते. जबड्याचं हाड तर थायरॉईड, पॅराथायरॉईड (थायरॉईडच्या मागच्या छोट्या ग्रंथी), इस्ट्रोजेन या सगळ्यांच्या हुकमात असतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. हार्मोन्स एकटे दात पाडत नाहीत. दातावर किटण साचलेलं असेल तर हार्मोन्स बिघडल्यावर तेच किटण दुप्पट त्रास देतं. म्हणून तोंड स्वच्छ असलेल्या माणसाला हाच आजार बराच सौम्य जातो.

मला शुगर आहे. हिरड्यांतून रक्त येतं आणि दात हलतात. हे शुगरमुळेच का?

बहुधा दोन्ही मिळून. मधुमेह हा हार्मोनचाच आजार आहे, इन्सुलिनचा, पण आपण त्याला 'शुगर' म्हणतो म्हणून ते डोक्यात येत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) देशव्यापी पाहणीत भारतातल्या मधुमेहींचा अंदाज १० कोटींच्या वर आला. उंबरठ्यावर असलेले आणखी १३ कोटींहून जास्त. माझ्या खुर्चीत जो कोणी चाळिशीच्या पुढचा माणूस हलणारे दात घेऊन बसतो, त्याला मी साखर तपासायला सांगतेच. त्यातल्या काहींना मधुमेह असल्याचं तिथेच पहिल्यांदा कळतं.

साखर ताब्यात नसेल तर हिरड्यांचा खोल आजार, ज्याला आपल्याकडे सरसकट 'पायरिया' म्हणतात, होण्याची शक्यता साधारण तिप्पट होते. जास्तीची साखर शरीरातल्या प्रथिनांना चिकटते आणि दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू लवकर तुटतात. हिरडीतल्या केशवाहिन्यांच्या भिंती जाड होतात. जंतूंशी लढणाऱ्या पेशी उशिरा पोचतात आणि पोचल्या की आग लवकर विझू देत नाहीत. पायाची जखम चिघळते त्याच कारणाने हिरडीही चिघळते. फरक एवढाच की पायाची जखम दिसते, तोंडातली दिसत नाही. दात आणि हिरडी यांच्यामधल्या खोल फटींत सगळीकडे पू झालेला असतो. ती जखम उलगडून पायावर ठेवली असती तर घरच्यांनी त्याच दिवशी दवाखाना गाठला असता.

शुगरच्या तोंडात आणखीही काही दिसतं: एकापाठोपाठ एक हिरडीवर येणारी गळवं, तोंडाला कोरड, जिभेची आग, चव बदलणं. मेटफॉर्मिन या शुगरच्या गोळीने काहींना तोंडात लोखंडी चव येते, ती वेगळी. आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा गोडसर वास, सोबत उलट्या आणि धाप असेल तर दातांचा विचार बाजूला ठेवून तडक मोठं हॉस्पिटल गाठा.

हिरड्यांवर उपचार केल्याने साखर खरंच उतरते का?

उतरते, थोडी. मधुमेह आणि पायरिया असलेल्या पेशंटच्या हिरड्या नीट खोलवर साफ केल्यावर तीन-चार महिन्यांनी त्यांची एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या साखरेचा आकडा, सरासरी ०.४ टक्क्यांच्या आसपास कमी झाल्याचं अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्यावर दिसलं आहे. म्हणजे ८.५ असलेला पेशंट ८.१ वर येईल. याने गोळ्या बंद होणार नाहीत. पण पथ्य पाळतोय, चालतोय, गोळी चुकवत नाही आणि तरी आकडा हटत नाही, अशा माणसाने तोंड उघडून दाखवायला हवं. हिरडीत धुमसणाऱ्या सुजेमुळे इन्सुलिनचं काम अडतं. साखर हिरडी बिघडवते आणि हिरडी साखर.

एक पेशंट आठवतात, पन्नाशीचे, भाजीचा गाळा चालवणारे. सफरचंद चावलं की फोडीवर रक्त दिसायचं, म्हणून त्यांनी फळंच बंद केली होती आणि चहात बिस्किट बुडवून खायला लागले होते. मऊ लागतं म्हणून. हिरड्या दुखतात म्हणून ब्रश सोडून बोटाने मंजन. साखर वर, बिस्किटं जास्त, किटण जास्त, रक्त जास्त. चार बैठकांमध्ये हिरड्या साफ केल्या. सहाव्या आठवड्यात ते पिशवीतून पेरू घेऊन आले आणि माझ्यासमोर करकरून चावून दाखवला.

दात साफ केले की हलायला लागतात म्हणे?

नाही. पण असं का वाटतं ते समजून घ्या. हाड झिजून दात आधीच सैल झालेला असतो आणि दातांच्या मधल्या जागेत किटण सिमेंटसारखं बसून त्याला धरून ठेवतं. ते काढलं की दात जसा आहे तसा कळतो. फटी दिसतात, थंड पाणी झोंबतं. काही आठवड्यांत सूज उतरून हिरडी आवळते आणि बहुतेक दात पूर्वीपेक्षा घट्ट लागतात. शुगरच्या पेशंटनी दर तीन ते चार महिन्यांनी दाखवावं. बाकीच्यांना सहा महिने चालतात.

शुगर असताना दात काढता येतो का? साखर किती असावी?

येतो. ठरवून करायच्या कामासाठी मी साखर २०० च्या आत आणायला सांगते, आणि इम्प्लांट बसवायचं असेल तर तीन महिन्यांची साखर बघितल्याशिवाय हात लावत नाही. पण गाल सुजलाय, पू झालाय, ताप आहे, अशा वेळी "आधी शुगर खाली आणा, मग या" हे चुकीचं आहे, कारण तो पूच साखर चढवत असतो. अशा वेळी फिजिशियनशी फोनवर बोलून, गरज पडल्यास हॉस्पिटलमध्ये दाखल करून, आधी पू काढायचा.

सकाळची वेळ घ्या. नाश्ता करून या, नेहमीची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन या. दात काढायचाय म्हणून उपाशी येणारे पेशंट मला सगळ्यात जास्त घाबरवतात. चतुर्थी-एकादशीचा उपवास असेल तर तारीख बदलून घ्या, मी कधीही बदलून देते. खुर्चीत घाम फुटला, हात थरथरले, डोकं हलकं झालं तर लाज न धरता सांगा. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून देतो आणि पंधरा मिनिटांनी परत तपासतो.

सूज जबड्याखाली, गळ्याकडे उतरत असेल, गिळता येत नसेल किंवा तोंड उघडत नसेल, तर रात्र काढू नका.

बीपीची गोळीही आहे. हिरड्या वाढून दातांवर चढल्यात. हेही हार्मोनचं?

हे बहुधा गोळीचं आहे. अॅम्लोडिपिनने काही जणांच्या हिरड्या वाढतात. शुगर आणि बीपी बहुतेकदा जोडीनेच येतात, म्हणून इथे सांगितलं. गोळी स्वतःहून बंद करू नका. डॉक्टर बदलून देऊ शकतात, आणि तोंड स्वच्छ ठेवलं तर वाढ बरीच कमी राहते.

तोंडाला सारखी कोरड पडते. पाणी पिऊनही जात नाही.

साखर वाढली की लघवी जास्त होते आणि लाळ आटते. थायरॉईड कमी झालं, पाळी गेली, थायरॉईडच्या कॅन्सरसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलं, तरीही लाळ कमी होते. बीपीच्या, झोपेच्या, अॅलर्जीच्या गोळ्याही कोरड आणतात. लाळ म्हणजे नुसतं पाणी नाही. तिच्यात दातावरची झीज भरून काढणारं कॅल्शियम असतं, जंतूंना आवर घालणारे घटक असतात. लाळ आटली की कीड हिरडीलगत, दाताच्या मानेवर लागते, जिथे एरवी लागत नाही.

घोट घोट पाणी पित राहा. बिनसाखरेचं च्युइंगम चघळा. तोंड ओलं राहावं म्हणून खडीसाखर किंवा लिंबाची गोळी चघळत बसू नका, त्याने दात पोखरतात. रात्री तोंड उघडं ठेवून झोपत असाल तर तेही सांगा. फ्लोराइडचा लेप लावून घेता येतो, आणि कोरड असलेल्या प्रत्येकाने तो लावून घ्यावा असं माझं मत आहे.

जिभेवर, गालात दह्यासारखा पांढरा थर येतो. पुसला की खाली लाल दिसतं.

बुरशी. औषधाने आठ-पंधरा दिवसांत जाते. पुन्हा पुन्हा येत असेल तर साखर तपासा, स्टिरॉइड चालू आहे का ते बघा, आणि कवळी रात्री काढून पाण्यात ठेवता का ते आठवा. पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा मात्र वेगळा, तो लगेच दाखवा, तंबाखू खाणाऱ्यांनी तर त्याच आठवड्यात.

थायरॉईडचा तोंडावर काय परिणाम होतो?

थायरॉईड कमी असेल तर जीभ जाड होते. जिभेच्या दोन्ही कडांवर दातांचे ठसे उमटलेले दिसतात, शंकरपाळ्याच्या कडेला कातणी फिरवल्यासारखे. आरशात जीभ सैल सोडून बघा. ठसे इतर कारणांनीही येतात, पण सोबत वजन वाढणं, थंडी सहन न होणं, केस गळणं असेल तर टीएसएच ही थायरॉईडची रक्ततपासणी करून घ्या. चव मंद होते, जखमा सावकाश भरतात.

थायरॉईड जास्त असेल तर उलट. जबड्याचं हाड विरळ होतं, लहान मुलांचे दात वेळेआधी पडून नवीन येतात, भूक सारखी लागते म्हणून गोड खाणं वाढतं आणि कीडही वाढते. मुख्य धोका भुलीच्या इंजेक्शनचा आहे. त्यात बहुतेक वेळा अॅड्रिनलिन असतं आणि थायरॉईड ताब्यात नसलेल्या माणसाचं हृदय त्याने आणखी धडधडतं. आधी सांगितलंत तर मी अॅड्रिनलिनशिवायची भूल वापरते किंवा काम पुढे ढकलते. रिपोर्ट नॉर्मल असेल, गोळी नियमित असेल, तर तुमच्यात आणि इतर पेशंटमध्ये काही फरक नाही.

थायरॉईडची गोळी घेतल्यावर लगेच ब्रश केला तर चालतं का?

चालतं. गोळी उपाशीपोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यायची. चहा-नाश्ता अर्ध्या ते एक तासाने.

थायरॉईड वाढलंय म्हणून कार्बिमाझोल चालू आहे. आता तोंड आलंय आणि घसा दुखतोय.

हा प्रश्न मला फोनवर आला तर मी हातातलं काम थांबवते. कार्बिमाझोलने क्वचित, हजारात दोन-चार जणांना, रक्तातल्या पांढऱ्या पेशी एकदम खाली जातात. पहिल्या तीन महिन्यांत धोका जास्त, पण पुढेही असतो. त्याची पहिली खूण म्हणजे ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. लोकांना वाटतं उष्णता झाली. मग गुलकंद, सब्जा, बी-कॉम्प्लेक्स यात दोन दिवस जातात आणि तेवढ्यात जंतुसंसर्ग रक्तात पसरू शकतो. पुढची गोळी घेऊ नका. त्याच दिवशी सीबीसी, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायची तपासणी, करा आणि गोळी देणाऱ्या डॉक्टरांना गाठा. रक्त ठीक निघालं तर ते गोळी पुन्हा चालू करतील, काही बिघडत नाही. ही गोळी चालू असलेल्या घरात हे वाक्य फ्रिजवर चिकटवून ठेवा: ताप, घसा, तोंड आलं, की त्याच दिवशी सीबीसी.

बाळ एक वर्षाचं झालं तरी दात नाही. काळजी करू का?

साधारण सहाव्या महिन्याला खालचा पुढचा दात येतो, पण बारा-तेरा महिन्यांपर्यंत वाट बघायला हरकत नाही. खूप घरांत उशीर अनुवंशिक असतो, आत्याला विचारा, आजीला विचारा. त्यापुढेही दात नसेल, बाळ सुस्त असेल, जीभ मोठी वाटत असेल, वाढ मंद असेल, तर थायरॉईड तपासायलाच हवं. जन्मजात कमी थायरॉईड वेळेत सापडलं तर एका स्वस्त गोळीने मूल पूर्ण नीट वाढतं. उशीर झाला तर बुद्धीवर झालेला परिणाम परत फिरवता येत नाही. म्हणून जन्मानंतर काही दिवसांत टाचेतून रक्ताचा थेंब घेऊन ही तपासणी करतात. तुमच्या बाळाची झाली होती का, ते डिस्चार्ज कार्डावर बघून घ्या. वाढीच्या हार्मोनची कमतरता, ड जीवनसत्त्वाची कमतरता यानेही दात रेंगाळतात.

मुलगी तेरा वर्षांची आहे. रोज ब्रश करते तरी हिरड्या सुजतात. आणि मला स्वतःला पाळीच्या आधी हिरड्या ठणकतात.

वयात येताना आणि पाळीच्या आधी हार्मोन्स चढतात तेव्हा हे होतं. तोंडातल्या एका जातीच्या जंतूंना तर हे हार्मोन्स खाद्यासारखे वापरता येतात, त्यामुळे ते वाढतात. ब्रश थांबवू नका, मऊ ब्रशने हिरडीच्या कडेवर हळू फिरवा. तारांचे क्लिप्स लावलेल्या मुलींना त्रास जास्त होतो. ब्रशवर रक्त दिसलं की मुली घाबरून ती जागा घासायचं सोडतात आणि तिथेच किटण साचतं. पाळी सुरू झाली की ठणका आपोआप कमी होतो. नाही झाला तर दाखवा.

पीसीओडीचाही संबंध आहे का?

पीसीओडी, म्हणजे हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असलेल्या मुलींमध्ये हिरड्यांचा दाह जास्त आढळतो. पीसीओडीत इन्सुलिनला शरीर दाद देत नाही, म्हणजे वाट पुन्हा साखरेच्याच गावाला जाते. क्लिनिंग करून घ्या आणि साखर वर्षातून एकदा तपासा.

गरोदरपणात दातांचे उपचार करू नयेत ना?

करावेत. या एका गैरसमजाने मी जितक्या बायका रडताना बघितल्या तितक्या दुसऱ्या कशाने नाही. सातव्या महिन्यात दाढेच्या ठणक्याने चार रात्री जागलेली मुलगी येते, सोबत सासूबाई, आणि दोघी म्हणतात, "बाळंतपण होईपर्यंत काही नको." चार रात्रींची झोप, पोटात अन्न नाही, आणि दुकानातून मिळेल ती पेनकिलर. बाळाला त्रास असलाच तर याने होतो.

चौथा ते सहावा महिना सगळ्यात सोयीचा. क्लिनिंग, सिमेंट भरणं, रूट कॅनॉल, दात काढणं, सगळं होतं. ठणका किंवा पू असेल तर कुठल्याही महिन्यात करायचं. लिग्नोकेनची भूल चालते. गरजेपुरता दाताचा एक्सरे चालतो, त्याचं किरणांचं प्रमाण अगदी थोडं असतं. दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको, विसाव्या आठवड्यानंतर तर नकोच. टेट्रासायक्लिन आणि डॉक्सिसायक्लिन घेऊ नका, टेट्रासायक्लिनने बाळाच्या येणाऱ्या दातांवर कायमचे पिवळे-तपकिरी डाग पडतात. शेवटच्या महिन्यांत खुर्चीत उताणं झोपल्यावर चक्कर येते, म्हणून मी उजव्या कुशीखाली उशी देते.

गरोदरपणात निम्म्याहून अधिक बायकांच्या हिरड्या सुजतात. क्वचित दोन दातांच्या मध्ये लालभडक गाठ येते, बोराएवढी, हात लागला की रक्त. आरशात बघून बाई कॅन्सरच्या धसक्याने येते. ती कॅन्सरची गाठ नसते, बाळंतपणानंतर बहुतेक वेळा विरून जाते. जेवताना फार रक्त येत असेल तरच काढतो.

उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका. पोटातल्या आम्लाने दाताचं आवरण त्या क्षणी मऊ झालेलं असतं. कपभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने ब्रश करा. डोहाळ्यात चिंच-कैरी खाल्लीत तर तीच पद्धत.

आणि "प्रत्येक लेकराला आईचा एक दात जातो" हे खरं नाही. बाळाला कॅल्शियम हवं असतं, पण ते आईच्या दातांतून निघत नाही. दात जातात ते सुजलेल्या हिरड्यांनी, उलट्यांनी आणि दवाखाना टाळल्याने. हिरड्यांचा आजार आणि अपुऱ्या दिवसांची बाळंतपणं यांचा संबंध अभ्यासांत दिसला आहे. गरोदरपणात उपचार घेतल्याने ती टळतात हे मात्र सिद्ध झालेलं नाही, त्यामुळे तसं आश्वासन मी कुणाला देत नाही. आईचं दुखणं थांबतं, ती जेवते, झोपते. उपचाराला एवढं कारण पुरे.

बाळंतपणानंतर दात कच्चे होतात म्हणून काही घरांत ब्रश बंद करतात. तेव्हाच तर डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, शिरा दिवसातून चार वेळा चालू असतो. ब्रश चालू ठेवा, हवं तर कोमट पाण्याने.

पाळी गेल्यापासून तोंडाची आग होते. बघितलं तर काहीच दिसत नाही.

पन्नाशीच्या पुढच्या बायकांचं हे दुखणं खरं आहे. घरचे "मनाचे खेळ" म्हणतात, ते म्हणू नका. सकाळी बरं वाटतं आणि दिवस चढेल तशी जिभेच्या टोकाची, ओठांची आग वाढत जाते. इस्ट्रोजेन कमी झाल्याने लाळ आणि तोंडाची नाजूक त्वचा बदलते, चवीच्या नसाही बिघडतात. पण आधी बाकीची कारणं शोधायची: हिमोग्लोबिन, बी१२, साखर, थायरॉईड, बुरशी, टोचणारी कवळी. सगळं ठीक निघालं तर नसांवरची औषधं सौम्य डोसमध्ये उपयोगी पडतात.

सुपारी, मावा, खर्रा खाणाऱ्यांना तिखट झोंबत असेल आणि तोंड पूर्वीसारखं उघडत नसेल, तर ते हार्मोनचं नाही. तोंडाची त्वचा आवळत जाण्याचा तो आजार आहे आणि त्यातून कॅन्सर होऊ शकतो. आपली तीन बोटं उभी तोंडात जातात का बघा.

हाडं ठिसूळ झाल्याने डॉक्टरांनी आठवड्याची गोळी दिली आहे. दात काढताना सांगायचं का?

सगळ्यात आधी सांगायचं. अॅलेंड्रोनेटची गोळी, झोलेड्रोनिक अॅसिडचं वर्षाचं सलाइन, डेनोसुमॅबचं सहा महिन्यांचं इंजेक्शन, यांपैकी काही चालू असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड उघडं पडून न भरण्याचा थोडा धोका असतो. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या डोसला तो फार कमी आहे, कॅन्सरसाठी दिलेल्या मोठ्या डोसला बराच जास्त. औषध सुरू होण्याआधीच तोंड तपासून हलणारे, किडलेले दात निकालात काढणं उत्तम. आणि दातासाठी म्हणून औषध स्वतःहून थांबवू नका. डेनोसुमॅबची तारीख चुकली तर मणके मोडू शकतात.

दम्याचा पंप, स्टिरॉइडच्या गोळ्या, यांचं काय?

पंप घेतल्यावर चूळ भरून टाका, पिऊ नका. गोळ्या तीन आठवड्यांहून जास्त घेत असाल तर एकदम बंद करू नका आणि दात काढण्याआधी सांगा, कारण शरीराने स्वतःचं कॉर्टिसॉल बनवणं कमी केलेलं असतं. सांधेदुखीवर बिनलेबलच्या पुड्या घेणाऱ्यांनीही सांगा. 'जादूसारखा गुण' येणाऱ्या काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं निघालं आहे.

माझ्या हिरड्या काळसर आहेत. हा आजार आहे का?

आपल्या लोकांत हिरड्यांचा रंग काळसर असणं अगदी साधं आहे. कातडीसारखाच तो रंग. मिश्री लावणाऱ्या, विडी ओढणाऱ्यांच्या हिरड्या आणखी काळवंडतात. काळजी नव्याने आलेल्या डागांची करायची. गालाच्या आत, ओठावर, हिरडीवर पूर्वी नसलेले तपकिरी-काळे ठिपके, सोबत थकवा, वजन उतरणं, उठल्यावर चक्कर, मीठ खावंसं वाटणं. लंडनच्या थॉमस अॅडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णन केलेला, मूत्रपिंडांवरच्या अॅड्रिनल ग्रंथींचा हा आजार. आपल्याकडे त्याचं एक महत्त्वाचं कारण क्षयरोग आहे. दुर्मीळ आहे, पण उपचार न झाल्यास जिवावर बेततो.

मिश्रीबद्दल एक सांगायलाच हवं. तंबाखूने हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि रक्त यायचं थांबतं. बायका म्हणतात, "मिश्री लावली की हिरड्या घट्ट होतात." आत हाड झिजत असतं आणि रक्ताची खूणच दिसेनाशी होते. शुगर आणि मिश्री एकत्र असतील तर दात फार लवकर जातात.

चांगली बसणारी कवळी दोन वर्षांतच बसेनाशी झाली. असं का?

बहुतेक वेळा हाड झिजल्याने कवळी सैल होते. पण एका काकांची खालची कवळी मी दोनदा नवी केली आणि दोन्ही वेळा ती लहान पडली. तिसऱ्यांदा आले तेव्हा ते अंगठी काढून दाखवत होते, बोटात जात नव्हती. चपलेचा नंबर विचारला, तोही वाढलेला. पन्नाशीत जबडा वाढत होता. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीच्या गाठीमुळे वाढीचं हार्मोन जास्त झालं होतं. दात शाबूत असलेल्यांना हाच आजार पुढच्या दातांत पडणाऱ्या फटींनी कळतो: जीभ मोठी होते, खालचा जबडा पुढे येतो. जुन्या लग्नाच्या फोटोशी चेहरा ताडून बघणं ही फार उपयोगी तपासणी आहे.

पॅराथायरॉईडचा आजार तर एक्सरेतच सापडतो. जबड्याच्या हाडात पोकळ्या दिसतात, मुळांभोवतीची पांढरी रेघ पुसट होते, विचारलं की मुतखडे वारंवार झाल्याचं कळतं. थायरॉईडच्या ऑपरेशननंतर ओठांभोवती मुंग्या आल्या तर कॅल्शियम उतरलंय, सर्जनना लगेच फोन करा.

रोज नेमकं काय करू?

मऊ ब्रश, फ्लोराइडची पेस्ट, दोन वेळा, आणि रात्रीचा ब्रश चुकवायचा नाही. पेस्ट थुंकून टाका पण नंतर खळखळून चुळा भरू नका, फ्लोराइड दातावर राहू द्या. लाल-काळी खरबरीत मंजनं दात झिजवतात. कडुलिंबाची काडी आवडत असेल तर वापरा, पण दातांच्या मधली जागा तिने निघत नाही. तिथे धागा किंवा छोटा ब्रश लागतो. मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, किटण निघत नाही. लवंग तेल दाढेवर ठीक, हिरडीवर ओतलं तर भाजतं.

खासगी दवाखाना परवडत नाही.

सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय, गोव्यात बांबोळीला दंत महाविद्यालय. तिथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग असतो आणि शेजारीच किंवा जवळ मोठं हॉस्पिटल असल्याने साखर-थायरॉईडचीही सोय होते. वेळ लागतो, रांग असते, सकाळी लवकर जा. जिल्हा रुग्णालयातही दंत विभाग असतो.

येताना काय घेऊन येऊ?

फाइल. साखरेच्या डॉक्टरांची फाइल दातांच्या डॉक्टरकडे आणि दातांच्या डॉक्टरची चिठ्ठी साखरेच्या डॉक्टरांकडे. आम्ही दोघं एकमेकांना क्वचितच भेटतो, दोन्हीकडे जाणारे फक्त तुम्ही असता. शेवटचा एचबीए१सी, टीएसएच, पाळी चुकली असेल तर तेही सांगा, गरोदर असाल तर महिना. गोळ्यांची नावं आठवत नसतील तर संपलेली पाकिटं फेकू नका, पिशवीत टाकून आणा. त्यावरचं नाव मी वाचून घेईन.